औषध कुणासाठी?

आमच्याकडं लेकरू बोलायला उशीर लावू लागलं, की म्हातारी वेखंड उगाळून जिभेला लावायची. आता सुना माशाच्या तेलाची गोळी फोडून दुधात घालतात. माळकऱ्याच्या घरातसुद्धा फळीवर ती बाटली दिसते. त्याला कुणी हसू नये. आईच्यानं हातावर हात ठेवून बसवत नाही.

पण हे औषध लेकरासाठी, का आपल्या जिवाच्या समाधानासाठी? तेलानं वाचा फुटते, असा पक्का पुरावा नाही. पीक पिवळं पडलं आणि मुळाशी पाणी साचलेलं असलं, तर वरून टॉनिक मारून काय व्हायचं? ज्याला ऐकूच येत नाही, ते बोलणार कसं? दोन वर्षांचं लेकरू ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडतं. जोडत नसलं, तर आधी कान तपासावा. २०१३ पासून सरकारी योजनेत अंगणवाडीत मुलांची तपासणी होते, तिथं सांगावं.

आशा धरणं पाप नाही. पण ‘एवढी बाटली संपू दे, मग बघू’ म्हणण्यात जे महिने जातात, ते लेकराच्या वाट्याचे असतात. ते खर्चायचा हक्क आपल्याला कुणी दिला?