घरातली ओल पाहताना

जिथे बसला असाल तिथेच दोन मिनिटं स्वस्थ बसा. मोबाइल बाजूला ठेवा. एक श्वास सावकाश आत घ्या, सावकाश सोडा. ही हवा तुमच्या गादीवरून, भिंतीवरून, मोरीवरून फिरून तुमच्यापर्यंत आली आहे. आज तिच्या वाटेकडे पाहू.

आधी गादी. तिच्यावर तळहात ठेवा. आत डस्ट माइट असतात, मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. आपल्या कातडीचा गळलेला कोंडा हे त्यांचं अन्न. पाणी ते पीत नाहीत, हवेतली ओल अंगात शोषून जगतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा त्यांची भरभराट होते. आपल्याला शिंका येतात, दमेकऱ्याची छाती भरते, ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेमुळे. पाऊस सरल्यावर माइट घटतात, विष्ठा मात्र कापसात तशीच राहते. म्हणून दिवाळीची साफसफाई काढली, अंथरुणांचं गाठोडं माळ्यावरून उतरवलं, की घरातलं कुणीतरी शिंकायला लागतं.

आता भिंत. कपाट जरा पुढे ओढा आणि मागे पाहा. काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. गिरगावातल्या जुन्या चाळींत लाकडी तुळया आणि जिने पावसात ओल धरतात, भिंतींचे पोपडे सुटतात. पण त्याच चाळीला पुढे गॅलरी असते. दार दिवसभर उघडं, वारा आरपार, कठड्यावर गोधड्यांना ऊन. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्ग इथल्या 1920 च्या दशकातल्या बीडीडी चाळींची रचना निराळी. मधोमध अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना 160 चौरस फुटांच्या खोल्या. फोडणीची वाफ, दोरीवरचे ओले कपडे आणि अख्ख्या कुटुंबाचा श्वास, सगळं तेवढ्यातच.

मोरीपाशी थांबा. झुरळाची विष्ठा, लाळ, गळलेली कात यांनीही दमा उसळतो. सामायिक पाइपांतून झुरळं घरोघर फिरतात, म्हणून एकट्याने औषध मारून भागत नाही. अख्ख्या मजल्याने एकाच दिवशी पेस्ट कंट्रोल करावं लागतं.

या बीडीडी चाळींच्या जागी म्हाडा आता 500 चौरस फुटांची घरं बांधते आहे. पुरेशी जागा आणि घरातच संडास हे या कुटुंबांना कधीच मिळायला हवं होतं. पण परळ-लालबागच्या टॉवरमध्ये जरा डोकावा. काचा सरकवून बंद, जाड पडदे, मोठी गादी जी कधी उचललीच जात नाही, आणि पावसाळाभर हॉलमध्ये स्टँडवर वाळणारे कपडे. त्या कपड्यांतलं सगळं पाणी घरातल्याच हवेत जातं. म्हणून घर जुनं की नवं, एवढ्यावरून काही ठरत नाही. ओल बाहेर कुठून पडते, हे पाहावं लागतं.

पुन्हा एक श्वास घ्या, आणि आपल्या घराला विचारा: स्वयंपाकाची वाफ कुठून जाते? उशांचे अभ्रे, चादरी दर आठवड्याला कडक गरम पाण्यातून निघतात का? केर काढताना धूळ उडते, की ओल्या फडक्याने टिपली जाते? एसीची जाळी शेवटची कधी धुतली? आणि रात्री कुणाला खोकल्याची उबळ येत असेल, छातीत घरघर होत असेल, तर डॉक्टरांना दाखवलं का?

घटस्थापनेआधी घरातली सारी अंथरुणं-पांघरुणं धुऊन उन्हात घालायची आपली जुनी रीत आहे. पावसाळा संपताना गादीतली ओल काढण्याचा याहून सोपा उपाय नाही. गॅलरी नसलेल्या इमारतींत ती रीत टिकवायची तर गच्ची हवी, आणि गच्चीला बहुतेक ठिकाणी कुलूप असतं. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा एक विषय मांडा: नवरात्राआधीचे दोन रविवार गच्ची सगळ्यांच्या गाद्या-गोधड्यांसाठी खुली ठेवावी.