शेजारी किती दूर?

वाचावयाचा भाग : लूक १०:२५-३७

पनवेल तालुक्यांतील गव्हाणाहून मुंबईचा कोट पांखराच्या वाटेनें सुमारें वीस किलोमीटर आहे. पण मध्यें खाडी; म्हणून वाशीच्या पुलावरून जाणारास दुपटीहून अधिक रस्ता तुडवावा लागे. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतु उघडला व तो वळसा वाचला. पुढें २५ डिसेंबर २०२५ रोजीं, नाताळच्या दिवशींच, उलव्याच्या बाजूच्या नव्या विमानतळावरून उड्डाणें सुरू झालीं. आतां आकाशांतील अंतर ही गव्हाणकरांस परकी गोष्ट राहिली नाहीं.

या अंतराचा एक दाखला फार दूरचा आहे. कॅनडा देशाच्या उत्तर टोंकास ग्रीझ फियोर्ड व रेझोल्यूट अशीं दोन लहान गांवें आहेत. दोहोंमध्यें सरळ रेषेंत सुमारें ३८० किलोमीटर. रस्ता नाहीं, समुद्र बहुतेक महिने गोठलेला. तेव्हां विमान हाच आधार. पण तीं वसलीं कशीं, हें ऐका. १९५३ सालीं सरकारनें दूर दक्षिणेकडील इनुकजुआक येथील इन्यूइट कुटुंबांस भरपूर शिकारीचें आश्वासन देऊन जहाजानें त्या प्रदेशांत नेलें. न रुचल्यास दोन वर्षांनीं परत आणूं, असेंही सांगितलें. तें पाळलें नाहीं. आणि सर्वांस एके ठिकाणीं न ठेवितां वेगवेगळें उतरविणार, हें त्या बिचाऱ्यांस जहाजावर चढल्यावर कळलें! २०१० सालीं सरकारनें क्षमा मागितली. नकाशावर ३८० हा आंकडा आहे. त्यांच्या लेखीं ती आप्तांची ताटातूट होती.

आपल्या दारचा विमानतळही ओसाड माळावर उतरलेला नाहीं. त्याकरितां उलव्याची टेंकडी फोडिली, नदीचा प्रवाह वळविला, आणि दहा गांवांतील लोकांनीं घरेंदारें सोडिलीं. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली हीं त्यांतलीं कांहीं. त्यांस भूखंड व मोबदला देण्यांत आला, हें खरें. विमानतळ नसावा, असेंही आम्ही म्हणत नाहीं. पण शेजार मोबदल्याच्या कागदांत मांडितां येत नाहीं. करंजाडें, पुष्पकनगर अशा वसाहतींत नवें घर उभें राहिलें, तरी एका आळींतलीं माणसें पुन्हां एकाच आळींत येतीलच असें नाहीं.

शास्त्र्यानें प्रभूस विचारिलें तें अंतराविषयींच होतें. शेजाऱ्याची हद्द कोठें संपते, हें त्यास हवें होतें. प्रभूनें हद्द आंखून दिली नाहीं. यरीहोच्या वाटेवर याजक व लेवी त्या घायाळापासून किती दूर होते? रस्त्याच्या रुंदीइतके. शोमरोनी मात्र परक्या मुलखाचा. तो जवळ गेला, त्याच्या जखमा बांधिल्या व त्यास आपल्या जनावरावर बसविलें. स्वतः पायींच चालला असावा.

प्रचारकांस आमची विनंति आहे. धरण, कारखाना किंवा पोटापाण्याची गरज यांमुळें जें घराणें गांवांतून उठतें, त्याचें नांव आपण वहींतून खोडितों व ‘दूर गेले’ एवढें म्हणतों. खोडण्यापूर्वीं एकदां तेथवर जावें. आजाऱ्याजवळ रात्रीं कोण बसतें, घरची म्हातारी दिवसभर कोणाशीं बोलते, हें विचारावें. तें घर आपल्या मंडळीचें नसलें तरीही विचारावें; शोमरोन्यानें घायाळाची जात पाहिली नव्हती. गव्हाणाहून करंजाड्यास जाण्यास विमान लागत नाहीं. गाडीभाडें मंडळीच्या पेटींतून द्यावें.