माळरानाची वाटणी आणि उत्क्रांतिवाद

उत्क्रांतिवाद समाजरचनेचा आणि नीतीचा उलगडा करू शकतो का, याची एक ठोस परीक्षा पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात झाली. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी भटक्या जमातींचा अभ्यास केला आणि १९८३ मध्ये जातिव्यवस्थेची परिसरशास्त्रीय मीमांसा मांडली. एकाच माळावरचे पक्षी वेगवेगळे अन्न खाऊन आपसातली स्पर्धा टाळतात. तशाच एका मुलखात वावरणाऱ्या जाती निरनिराळ्या साधनांवर जगतात, असे तिचे सूत्र आहे.

बारामती-इंदापूरच्या जिरायती भागात हे सूत्र डोळ्यांनी पाहता येई. हाटकर धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन बाहेर पडत, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवत आणि लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घेत. शिकारीतही वाटणी होती. फासेपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने काळविटांजवळ जाऊन फासे लावत. वैदू ओढ्या-डोहांतले मासे, कासवे आणि रानमांजरासारखे लहान प्राणी पकडत. तिरमल नंदीवाल्यांची कुत्री रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागावर असत. इंदापूर तालुक्यातील वडापुरी हे या नंदीवाल्यांचे एकत्र जमण्याचे ठिकाण. नंदी घेऊन कोणत्या कुटुंबाने कोणत्या गावांत फिरायचे हे ठरलेले असे, आणि दुसऱ्याच्या गावात शिरणाऱ्याला जातपंचायत दंड करी.

यामागचा युक्तिवाद बळकट आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये दाखवले की, सामाईक कुरणावर कोणाचाच हक्क नसेल तर जो तो जास्त ओरबाडतो. हक्क वंशपरंपरेने एकाच गटाकडे असेल, तर आज राखलेले उद्या आपल्याच नातवंडांना मिळते आणि संयम परवडतो. जातीबाहेर लग्न न करण्याच्या रूढीने हा हक्क गटातच राहिला.

तरीही या मीमांसेला ‘उत्क्रांती’ म्हणताना जपून बोलावे लागते. फासे लावण्याची कला रक्तातून येत नाही, बापाकडून शिकावी लागते. शिकलेली गोष्ट एका पिढीत सुटूही शकते. शिवाय या भागातले बदल नैसर्गिक निवडीने कमी आणि निर्णयांनी जास्त घडवले. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले आणि पुढे जिरायतीच्या जागी ऊस उभा राहिला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून सुरू झालेल्या धोरणाने पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीची वाट बंद केली. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले.

वाटणी होती एवढ्याने ती समान ठरत नाही, हा आक्षेप अधिक गंभीर. पक्ष्यांच्या वाटणीत कोणी कोणाला अस्पृश्य ठरवत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच बजावले होते की, जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे आणि तीही उतरंडीची. व्यवस्था टिकली याचे कारण उत्क्रांतिवाद सांगू शकेल. ती टिकावी की नाही हे त्यातून निघत नाही. वस्तुस्थितीतून कर्तव्य काढता येत नाही, हा डेव्हिड ह्यूमचा अठराव्या शतकातला मुद्दा इथे चपखल लागू पडतो.

नीतीच्या बाबतीत उत्क्रांतिवादी एक पाऊल पुढे जातात. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये मांडले की, उपकाराची परतफेड आणि लबाडाचा राग या दोन्ही भावना निवडीतून घडल्या असाव्यात. वडापुरीच्या दंडाला हे स्पष्टीकरण लागू करता येते. संयम उपजत असता तर दंडाची गरजच पडली नसती. उपजत आहे ती बहुधा नियम मोडणाऱ्याबद्दलची चीड. पण ही चीड कोणावर वळवायची, हे ती स्वतः सांगत नाही. गावांची वाटणी मोडणाऱ्याला दंड करणारी पंचायत त्याच तिडिकीने जातीबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्यालाही वाळीत टाकते. दोन्ही ठिकाणी भावना एकच, गटाचा हितसंबंधही एकच. त्यांतला फरक सिद्धांताला दिसत नाही. तो हक्क आणि प्रतिष्ठेच्या भाषेत वाद घालून ठरवावा लागला, आणि २०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करून वाळीत टाकणे गुन्हा ठरवले.