सांडलेला मासा

मृग लागून चार दिवस झाले होते. हरमलला रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी उठून पाहतो तो बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या पेटीत मासा नाही.

पेटी म्हणजे काही मोठे प्रकरण नव्हे. म्हापशाहून आणलेली हात-दीड हात लांबीची काच, तळाशी रेती, वर लाकडी झाकण. आत रंगीत मासाही नव्हता, मरळ होती. आदल्या पावसाळ्यात शेतात चढणीचे मासे आले तेव्हा माझ्या मुलीला बांधाकडेच्या चरात बोटभर पिल्लू गावले आणि तिने ते तांब्यातून घरी आणले. आम्ही मासे खाणारी माणसे, आम्ही हसलो. पण वर्षभरात ते पिल्लू वीतभर झाले, मुलीची सावली पडली की वर येऊ लागले. त्याला ‘काळू’ हे नाव मिळाले. नाव मिळालेल्याला कढईत टाकायचे नसते, हा नियम कोणी न सांगताच घराला लागू झाला. बाकीच्या बिननावाच्या माशांचे हुमण रोज होतच होते.

काळू नाहीसा झाला तेव्हा आम्ही त्याला शोधू लागलो, असे लिहायला बरे वाटेल. खरे असे की आम्ही चोर शोधू लागलो. प्रथम मांजर आठवले. पण मांजर आदल्या संध्याकाळपासून माळ्यावर कोंडलेले होते. मग घरी भांड्यांना येणाऱ्या बाईचा मुलगा आठवला. दहा-अकरा वर्षांचा पोर. आईचे काम आटपेपर्यंत तो पेटीसमोर उभा राहून काळूकडे टक लावून पाहत असे. हे कुटुंब तेरेखोल नदीच्या पलीकडून, सिंधुदुर्गातून आलेले. आमच्या अर्ध्या सोयरिकी त्याच बाजूच्या. तरीही त्या सकाळी ‘पलीकडचा’ हा शब्द माझ्या मनात येऊन गेला.

“तू काल झाकण काढले होतेस काय रे?”

त्याने मान हलवली.

“नीट आठव.”

एवढेच बोललो. आवाजही चढवला नाही. पण ‘नीट आठव’ म्हणजे ‘तू खोटे बोलतोस’, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळते. मोरीवर त्याच्या आईचे हात थांबले. ती त्याला म्हणाली, “खरा काय ता सांग.” आपल्या मुलावर तिचा विश्वास नव्हता असे नाही. पण माझ्या घरात माझ्यासमोर तिला दुसरे काय बोलता येणार होते?

एव्हाना दहा वाजले होते. आतल्या खाटेवरून माझ्या आईने विचारले, “कितें जालां?” काळू नाहीसा झाल्याचे मी सांगितले. ती म्हणाली, “सांडलो म्हण. खंय ओल आसा, थंय बघा.”

ओल मागीलदारी होती. पाण्याच्या हंड्यामागे, भिंतीच्या कोपऱ्यात काळू पडलेला सापडला. अंगाला धूळ आणि केस चिकटलेले, तोंड सावकाश उघडत-मिटत होते. बादलीत सोडला तेव्हा बराच वेळ कुशीवर तरंगत राहिला. मग एकदाचा सरळ झाला.

मरळ केवळ कल्ल्यांवर जगत नाही. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची एक पोकळी असते. पाण्यात असतानाही तिला वारंवार वर येऊन श्वास घ्यावा लागतो. म्हणूनच अंग ओले राहिले तर ती पाण्याबाहेर काही तास तग धरते आणि ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जाते. पहिल्या पावसाचे पाणी उतारावरून वाहू लागले की आमच्याकडचे कितीतरी मासे प्रवाहाच्या उलट शेतांत चढतात, तिथे अंडी घालतात. आईने हे पुस्तकात वाचले नव्हते, शेतात पाहिले होते. चोर कोण, हे तिने विचारलेच नाही. मासा कुठे गेला असेल, एवढेच तिने मनात आणले.

मग मला झाकण दिसले. खिडकीखाली भिंतीला टेकून उभे होते. रात्री उशिरा जेवून उठल्यावर मी काळूला सुंगटाचा तुकडा घातला होता. तेवढ्यात वीज गेली आणि मी तसाच झोपायला गेलो. त्या मुलाला विचारताना मला याची आठवण नव्हती, असे म्हणावेसे वाटते. पण आता वाटते की ती आठवण जवळच कुठेतरी होती. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याच्या घाईत मी तिला पुढे येऊ दिले नाही.

आईच्या त्या शब्दाने मात्र माझी पाठ सोडली नाही. आम्ही घरात कोंकणी बोलतो, लिहितो-वाचतो मराठीत. मराठीत वस्तू हरवते. तिचे तीच हरवते, त्यात कोणाचा हात दिसत नाही. कोंकणीत ती ‘सांडते’. आणि मराठी कानाला सांडणे म्हटले की आधी भांडे दिसते, मग ते धरणारा हात. दूध सांडले तर आपण चोर शोधत नाही. दोन भाषांच्या उंबऱ्यावर राहणाऱ्याला असा एखादा शब्द फुकटात शहाणपण देऊन जातो.

मालकीचा विचार करू गेलो तर कायदा वेगळे सांगतो. गोव्यात विवाह व कुटुंबाच्या बाबतीत आजही १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालतो आणि त्या संहितेचे मूळ रोमन कायद्यात आहे. सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३३ मध्ये लागू केलेल्या ग्रंथात म्हटले आहे की रानटी पशू, पक्षी आणि मासा पकडणाऱ्याचा होतो, पण आपल्या ताब्यातून निसटून तो मोकळा झाला की मालकी संपते. म्हणजे काळू पेटीबाहेर पडला आणि कायद्याने आमचा उरला नाही. मग त्याला शोधण्याचे कर्तव्य तरी कुठून आले? मला वाटते, ते मालकीतून आलेच नव्हते. ओहोळात कोणताही मासा हरवत नाही. आम्ही त्याला काचेत ठेवले म्हणून तो हरवू शकला. ज्याला आपण कोंडले त्याच्या झाकणाचा जाब आपणच द्यायचा.

शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत एक छोटा मासा येतो आणि ‘मला सांभाळ’ म्हणतो. लहान आहोत तोवर मोठे मासे आम्हाला गिळतात, ही त्याची भीती. मनू त्याला आधी घटात ठेवतो, वाढल्यावर खड्ड्यात, शेवटी समुद्रात सोडतो. सांभाळणे म्हणजे वाढत्या जिवाला मोठे पाणी देत जाणे, हे मनूला ठाऊक होते. आम्ही वीतभर माशाला वर्षभर त्याच पेटीत ठेवले आणि त्याला प्रेम म्हटले.

संध्याकाळी मी त्या मुलाच्या बिऱ्हाडी गेलो. झाकण मीच उघडे ठेवले होते, तुला विचारले ती माझी चूक झाली, असे त्याच्या आईसमोर सांगितले. ती संकोचून “आसांदे” म्हणाली. मुलाने खाली पाहतच विचारले, “गावलो काय?” दिवसभरात माशाची चौकशी करणारा माझ्या आईनंतर तोच.

आठवड्याने मुलीने स्वतःहून काळूला ओहोळात सोडायचे ठरवले. मी त्या मुलालाही बोलावले. तो आला, पण बांधावरच उभा राहिला. मुलीने बादली कलती केली. काळू क्षणभर गढूळ पाण्यात दिसला, मग दिसला नाही. “गेलो,” मुलगा म्हणाला आणि हसला.

तो अजूनही आईबरोबर आमच्याकडे येतो. पण आता बाहेरच्या खोलीत शिरत नाही, मागीलदारीच बसतो. माशाला पुन्हा पाण्यात घालायला एक बादली पुरली. या मुलाला पुन्हा त्या खोलीत आणायला काय लागेल, ते मी अजून शोधतो आहे.