लंबकाच्या घड्याळाचे मोल

भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची पारख करणारा जाणकार तबकडीला भुलत नाही. तो लंबक काढतो, यंत्र उतरवतो आणि मागची फळी पाहतो. तिथे स्क्रूंची जास्तीची भोके दिसली, की त्याला संशय येतो : पेटी एका घड्याळाची, यंत्र दुसऱ्याचे! यंत्रावर जर्मनीतल्या युंगहान्स कारखान्याचा आठ टोकांचा तारा, अन् तबकडीवर नाव भलतेच. अशा जोडीला इंग्रज व्यापारी ‘मॅरेज’ म्हणतात. वधूवरांना न विचारता लग्ने ठरवणाऱ्या आपल्या समाजाला हा शब्द परका वाटू नये.

आता, झिजलेल्या भोकांत पितळी बुश बसवले, तुटलेली कमान बदलली, म्हणून घड्याळ खोटे ठरते काय? मुळीच नाही. चालणारे यंत्र झिजणारच. पण तबकडी नव्याने रंगवून तिच्यावर बड्या कारखान्याचे नाव घालणे, ही दुरुस्ती नव्हे. गिऱ्हाइकाला ते सांगितले, तर निदान फसवणूक तरी होत नाही.

खरा पेच याच्या उलट आहे. एखादी म्हातारी अस्सल घड्याळ मोडीच्या भावाने द्यायला निघाली, तर जाणकाराने बोलावे की गप्प बसावे? व्यापारी म्हणेल, ‘माझे ज्ञान हेच माझे भांडवल.’ दुकानात बसून तो असे म्हणाला, तर मी फारसा वाद घालणार नाही. पण किंमत सांगण्यासाठीच तिने त्याला घरी बोलावले असेल, तर ते ज्ञान तेवढ्यापुरते तिचे झाले. घड्याळ स्वतःला हवे असेल, तर त्याने आधी खरा आकडा सांगावा. मग खुशाल घासाघीस करावी. ते जिवावर येत असेल, तर लंबक पुन्हा अडकवून द्यावा आणि चहा घेऊन उठावे.