वाळूवरचे घरटे आणि हिंसेचा प्रश्न

जालना जिल्ह्यातील जाफराबादजवळ खेळणा नदी पूर्णेला मिळते. पूर्णा पुढे गोदावरीत जाते. गोदावरीच्या खोऱ्यात आढळणारा नदी सुरय हा पक्षी संकटग्रस्त आहे. तो उन्हाळ्यात उघड्या वाळूवर उथळ खळगा करून अंडी घालतो. वाढत्या उष्णतेत अंडी गार राखणे जड जाते आणि एका अवकाळी पुराने सगळी वीण वाहून जाते. वाढत्या उष्णतेमागे माणसाच्या कृती असल्या, तरी ही हानी कोणीही ठरवून केलेली नाही. मग ती हिंसा आहे का? जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी, जोडलेली आहे. हेतू नसल्याने दोष आपोआप सुटत नाही. तापमानवाढीची कारणे माहीत झाल्यावर तर अजाणतेपणाची सबब फारच दुबळी ठरते.