डॉल्फिन दिसण्याची गॅरंटी कोण देणार?



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या 47 व्या श्लोकावर. कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही, असं सांगणारा हा श्लोक. आपल्याला तो शाळेपासून पाठ आहे, स्टेटसला असतो, टी-शर्टवरही असतो. म्हणूनच त्यावर लिहायचं मी बरेच दिवस टाळत होतो. पण फेब्रुवारीत देवबागला एका बोटीवर अख्खा दिवस काढला आणि लक्षात आलं, की या श्लोकाचा मी अर्धाच भाग वापरत होतो. तोही माझ्या सोयीने.

झालं असं. माझ्या कॉलेजच्या मित्राचे काका देवबागला पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला बोटीतून नेतात. आधी ते मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते. मच्छीमार बोटीच्या कप्तानाला तिकडे तांडेल म्हणतात. मित्र म्हणाला, काकांसाठी एक बुकिंगचं पेज करून दे. मी एका रात्रीत करून टाकलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘डॉल्फिन दर्शनाची 100 टक्के गॅरंटी!’ लिंक पाठवली आणि पाच मिनिटांत काकांचा फोन.

“ह्यां कित्याक लिवलंस?”

मी म्हटलं, “काका, सगळे असंच लिहितात. नाहीतर लोक दुसऱ्या बोटीकडे जातात.”

“आदी एक दिवस बोटीर ये. मगे लिव.”

म्हणून गेलो. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली आणि पुढे मालवण. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. पहाटे साडेपाचला काका उठले तेव्हा मतलई वारा सुटलेला होता, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. हा वारा असतो तोवर पाणी शांत असतं. दुपारी वारा फिरला की लाटा वाढतात, त्यामुळे फेऱ्या सकाळच्याच. त्यांनी भरतीची वेळ पाहिली, डिझेल पाहिलं, लाइफ जॅकेटचे पट्टे एकेक ओढून बघितले. मग इंजिनाला हात लावून नमस्कार केला.

पहिल्या फेरीला दहा जण होते. बोट सुटायच्या आधी काका उभे राहिले आणि म्हणाले, “डॉल्फिन दिसतील, नाही दिसतील. मी शोधणार, पण बोलावू शकत नाही. कोणाला परत जायचं असेल तर आत्ताच उतरा, पैसे घेऊन जा. मागाहून मिळणार नाहीत.”

मी मनात म्हटलं, गेला धंदा. आणि खरंच दोघे उतरले. काकांनी शांतपणे त्यांचे पैसे मोजून दिले.

नदीच्या मुखातून बाहेर पडलो आणि निवतीच्या दिशेने गेलो. मी पाण्याकडे बघत होतो, काका आकाशाकडे. पक्षी कुठे घिरट्या घालतायत ते ते बघत होते. पक्षी जिथे, तिथे लहान मासे, आणि त्यांच्या मागे डॉल्फिन असण्याची शक्यता. एका ठिकाणी त्यांनी इंजिन बंद केलं. दहा मिनिटं काहीच नाही. मग डाव्या हाताला एक करडी पाठ वर आली, पाठीवर उंचवटा, एक श्वास, आणि परत खाली. मग आणखी दोन. कोणी ओरडलं नाही. सगळ्यांनी मोबाइलही जरा उशिराच काढले.

खरी परीक्षा दुसऱ्या फेरीला झाली. एक मादी आणि तिचं पिल्लू दिसलं, आणि बघता बघता तीन-चार बोटी तिथे आल्या. दोन बोटींनी दोन्ही बाजूंनी चक्कर मारून मधली जागा कमी करायला सुरुवात केली. डॉल्फिनला श्वासासाठी वर यावंच लागतं, आणि पिल्लाला तर आईपेक्षा जास्त वेळा. ते वर येईल तिथे कोणती तरी बोट. शिवाय डॉल्फिनचं निम्मं जग आवाजावर चालतं, भक्ष्य तो आवाजाने शोधतो. चार इंजिनांच्या घरघराटात त्याला काय ऐकू येत असेल? हे प्राणी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत आहेत, पण त्या क्षणी बोटीत कोणाला कायदा आठवत नव्हता. मलाही नाही. मीही म्हटलं, “काका, जरा जवळ घ्या ना.”

काकांनी बोट वळवली. उलट दिशेला.

बोटीतला एक तरुण चिडला. “अहो, दिसत होते की! पैसे कशाचे घेतलेत मग?”

“डिझेलचे घेतले, माझ्या नजरेचे घेतले, तुम्हाला सुखरूप परत न्यायचे घेतले,” काका म्हणाले. “डॉल्फिनचे नाही घेतले. तो माझा नाही.”

तिसऱ्या फेरीला काहीच दिसलं नाही. किनाऱ्यावर एका कुटुंबाने पैसे परत मागितले. काकांनी दिले नाहीत. निघताना सांगितलं होतं, एवढंच म्हणाले. ते लोक रागावून गेले. मला खरं सांगायचं तर त्यांचंही वाईट वाटलं, लहान मुलगी रडत होती.

संध्याकाळी अंगणात बसल्यावर मी विचारलं, “काका, बाकीचे गॅरंटी देतात आणि लोक खूश होऊन जातात. तुम्ही खरं बोलून शिव्या खाता. कशासाठी?”

“एकदा गॅरंटी दिली की मगे पाठी धावूक होया. तू धावलंस की तो पळतलो. आणि तो एकदा पळालो की उद्या हंय येवचो नाय.”

मंडळी, या वाक्यावर मी रात्रभर जागा होतो. कारण सांगतो.

गेल्या वर्षी कामावर एका क्लायंटला मी रिलीजची तारीख दिली. टीमला विचारलं नव्हतं. कॉलवर सगळे गप्प होते, मला चांगलं दिसायचं होतं, म्हणून ‘नक्की होईल’ म्हणून मोकळा झालो. मग धावणं आलंच. टीममध्ये एक मुलगी होती, तिची पहिलीच नोकरी. रोज रात्री अकराला मी तिला मेसेज करायचो, ‘झालं का?’ टेस्टिंग अर्धवट राहिलं. रिलीज तारखेला गेलं आणि दुसऱ्याच दिवशी पेमेंटचा भाग बंद पडला. मीटिंगमध्ये चूक कुणाच्या कोडमध्ये होती असं विचारलं गेलं, तिचं नाव पुढे आलं, आणि मी गप्प बसलो. दोन महिन्यांनी तिने नोकरी सोडली.

तेव्हा मी स्वतःला कोणता श्लोक सांगितला असेल? हाच. आपण आपलं कर्म केलं, फळ आपल्या हातात नाही.

म्हणजे तारीख देताना फळ माझ्या हातात होतं, आणि बिघडल्यावर नव्हतं. गीता इतकी सोयीची नाही.

श्लोकाला चार भाग आहेत. कर्मावर तुझा अधिकार. फळावर कधीच नाही. फळासाठी म्हणून कर्म करणारा होऊ नकोस. आणि कर्म न करण्यातही अडकू नकोस. आपण पहिले दोन पाठ म्हणतो आणि थांबतो. मला वाटतं खरी मेख पुढच्या दोनांत आहे.

तिसऱ्या भागाचा अर्थ मला त्या बोटीवर कळला. जे आपलं नाही त्याची खात्री दुसऱ्याला देणं, हाही फळावर हक्क सांगण्याचाच प्रकार आहे. वरवर तो आत्मविश्वास वाटतो. पण एकदा खात्री दिली की ती पुरी करायला आपण कोणाच्या तरी मागे लागतो, आणि ज्याच्या मागे लागतो तो नेहमी आपल्यापेक्षा लहान असतो. समुद्रात ते पिल्लू होतं. माझ्या टीममध्ये ती मुलगी होती.

आता कोणी म्हणेल, मग कशाचीच जबाबदारी घ्यायची नाही का? ‘बघू, देवाच्या मनात असेल तर’ म्हणून हात वर करायचे? तिथे चौथा भाग येतो. काकांनी डॉल्फिनची खात्री दिली नाही, पण लाइफ जॅकेटच्या एकाही पट्ट्यात त्यांनी देवावर भार टाकला नाही. वारा, भरती, पक्षी, डिझेल, जे जे हातातलं होतं ते सगळं पूर्ण. आणि निघण्याआधी खरं सांगणं, तेही हातातलंच.

आपल्या कोल्हापुरात याचं एक उदाहरण वर्षातून दोनदा दिसतं. अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या चरणांपासून वर सरकतात. कधी मुखापर्यंत पोहोचतात, कधी ढग किंवा धुरकं आडवं येतं आणि वाटेतच थांबतात. किरणांच्या वाटेतले अडथळे शोधणं, ते काढणं, हे माणसांचं काम, आणि त्यात हयगय चालणार नाही. पण सूर्याला आत ओढून आणता येत नाही. गाभाऱ्याकडे डोळे लावून उभ्या असलेल्या गर्दीला हे ठाऊक असतं, तरी ती येते.

निघताना काकांना विचारलं, “देवमासा कधी पाहिलात?” हल्ली पर्यटक श्रीलंकेतल्या देवमाशांची रील्स दाखवून त्यांना विचारतात, इथे दाखवाल का? सिंधुदुर्गाजवळच्या समुद्रात 2015 मध्ये निळे देवमासे दिसल्याची नोंद आहे. पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी, आणि तरी दिसेल की नाही कोणी सांगू शकत नाही. काका म्हणाले, एकदाच. मासेमारीच्या दिवसांत, खूप आत. आधी पाण्याचा उंच फवारा, मग लांबच लांब काळसर पाठ.

“मग काय केलंत?”

“इंजिन बंद केलंय आणि हात जोडलंय.”

पेज मी बदललं. आता तिथे लिहिलंय, ‘डॉल्फिन दिसतीलच असं नाही. आम्ही मनापासून शोधू, पाठलाग करणार नाही.’ बुकिंग फारसं वाढलेलं नाही. आणि त्या मुलीला मेसेज केला, काय चुकलं होतं आणि कोणाचं, ते स्पष्ट लिहून. तिच्या तेव्हाच्या मॅनेजरलाही तेच कळवलं. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. ज्ञानोबा माउली पुढच्याच श्लोकावर सांगतात, की हाती घेतलेलं काम तडीस गेलं तर हुरळू नये आणि काही कारणाने अडलं तर क्षोभ करू नये. मी रोज मोबाइल बघतो, हे कबूल करतो. म्हणजे अभ्यास अजून बाकी आहे.

आजचा छोटा अभ्यास: दिवसभरात आपण ‘नक्की’ हा शब्द किती वेळा म्हणतो ते मोजा. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, हे माझ्या हातातलं आहे का? आणि नसेल, तर ते पुरं करायला मी कोणाच्या मागे धावणार आहे?

जय अंबाबाई. उद्या भेटू.